मराठी शाळेतली मुलं इंग्रजीत बोलती करण्यासाठी: वर्गातल्या उपक्रमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहेत. चाळीस-पन्नास पटाचा वर्ग, लाकडी बाकं, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास आणि साहित्य म्हणून खडू, फळा, वह्या एवढंच हाताशी आहे, असं धरून ती लिहिली आहेत. उदाहरणं मुख्यतः पाचवी ते नववीची आहेत. लहान वर्गांसाठी वेगळा प्रश्न खाली घेतला आहे.

मुलांना धडा समजतो, वाचताही येतो. मग बोलायची वेळ आली की ती गप्प का बसतात?

बोलायची वेळ त्यांच्यावर फारशी आलेलीच नसते. महाराष्ट्रात जून 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सातवीत आलेलं मूल सहा वर्षं इंग्रजीचा तास करून आलेलं असतं. त्या सहा वर्षांत त्याने स्वतःच्या मनातलं एखादं वाक्य इंग्रजीत किती वेळा बोललं असेल, याचा हिशोब करून पाहा. पट 45, तास 40 मिनिटांचा. हजेरी, फळ्यावरचं लेखन आणि शिक्षकांचं बोलणं वजा केलं तर मुलांच्या बोलण्याला 15 मिनिटं उरतात. एकेकाला उभं करून विचारलं तर प्रत्येकाच्या वाट्याला 20 सेकंद येतात. त्यातले निम्मे उठण्यात, खाली बघण्यात आणि शेजाऱ्याच्या कुजबुजीकडे कान देण्यात जातात. याच 15 मिनिटांत मुलं जोडीने बोलली, तर प्रत्येकाला सात मिनिटांच्या वर मिळतात.

दुसरं कारण जास्त खोलवरचं आहे. शिक्षक हातात पेन धरून विचारतात, “व्हॉट इज धिस?” मुलाला दिसतंय की ते पेन आहे, आणि शिक्षकांनाही ते दिसतंय. अशा प्रश्नाचं उत्तर द्यायची खरी गरजच नसते. माणूस बोलतो ते समोरच्याला ठाऊक नसलेलं सांगायला, किंवा आपल्याला ठाऊक नसलेलं विचारायला. म्हणून कुठलाही उपक्रम निवडताना एकच कसोटी लावा: न बोलता काम होतंय का? होत असेल, तर तो बोलण्याचा उपक्रम नाही. एका सुरात म्हटलेली कविता आणि “गुड मॉर्निंग सर” यांनी जीभ वळते, त्यांना वर्गात जागा जरूर द्या. पण त्याला बोलणं समजू नका.

नव्याने सुरुवात करायची आहे. पहिला उपक्रम कोणता घ्यावा?

‘बाजाराची चौकट’. छापील साहित्य लागत नाही, दोन्ही मुलांना बोलावंच लागतं, आणि शेवटी बरोबर-चूक मुलांची मुलंच तपासतात. चौथीपासून पुढे कुठेही चालतो.

प्रत्येक मूल वहीत नऊ घरांच्या दोन चौकटी काढतं. उभ्या रांगांना ए, बी, सी आणि आडव्या रांगांना 1, 2, 3 अशी नावं द्या. फळ्यावर बाजारातल्या आठ वस्तू लिहा: मँगो, कोकोनट, ओनियन, पोटॅटो, टोमॅटो, ब्रिंजल, बनाना, लेमन. पहिल्या चौकटीत मुलाने यांतल्या पाच वस्तू हव्या त्या पाच घरांत काढायच्या. काही एकेक, काही दोन-तीन. चार घरं रिकामी राहतील. दुसरी चौकट कोरी ठेवायची. चित्रांना तीन मिनिटं पुरतात. रंगकाम करू देऊ नका, नाहीतर तास तिथेच संपतो.

आता जोडीतली दोघं मध्ये दप्तर उभं करतात, म्हणजे एकमेकांची वही दिसत नाही. पहिला विचारतो, “व्हॉट इज इन बी टू?” दुसरा आपली चौकट बघून सांगतो, “देअर आर थ्री कोकोनट्स,” किंवा “नथिंग.” ऐकणारा आपल्या कोऱ्या चौकटीत ते काढतो. नऊ घरं झाली की पाळी बदलते. दोघांचे मिळून अठरा प्रश्न, अठरा उत्तरं. साधारण आठ मिनिटं लागतात. शेवटी दप्तर बाजूला करून चौकटी ताडून बघायच्या. फरक निघाला की “आय सेड टू, नॉट थ्री!” हे वाक्य आपसूक येतं. ते ऐकायला मिळालं की उपक्रम जमला असं समजा.

इथे बिघडतं ते असं. मुलं फक्त “बी टू?” “मँगो” एवढंच म्हणून मोकळी होतात. म्हणून दोन्ही वाक्यं फळ्यावर चौकटीत लिहून ठेवा आणि पहिल्या पाळीला पूर्ण वाक्याचाच नियम ठेवा. दुसरी गडबड अनेकवचनाची. “टू कोकोनट” असं सर्रास ऐकू येईल. त्याचं मूळ मराठीत आहे. आपण ‘एक आंबा, दोन आंबे’ म्हणतो खरे, पण ‘एक नारळ, दोन नारळ’, ‘एक कांदा, दोन कांदे’ आणि ‘एक बटाटा, दोन बटाटे’ यांच्या शेजारी ‘एक लिंबू, दोन लिंबं’ अशी आपली तऱ्हाच निरनिराळी. नारळ, दगड, हात यांसारखे पुल्लिंगी शब्द तर अनेकवचनात बदलतच नाहीत. खेळाच्या आधी आठही शब्दांची अनेकवचनं एकदा मोठ्याने म्हणून घेतली की निम्म्या चुका गळतात.

पन्नास मुलं आणि जड बाकं. जोडीकाम लावायचं कसं?

बाकं हलवायची गरज नाही. शेजारी बसलेली दोघं ही एक जोडी. रोज तीच जोडी नको म्हणून दुसऱ्या दिवशी एक आड एक रांगेतल्या मुलांना मागे तोंड करून बसवा, म्हणजे मागच्या बाकावरच्याशी जोडी जमते. एक मूल उरलं तर तिघांचा गट करा. शिक्षकांनी स्वतः त्याचे जोडीदार होऊ नये, कारण मग उरलेल्या अठ्ठेचाळीस मुलांकडे लक्ष राहत नाही.

जोडीकाम फसतं ते बहुधा सूचना देताना. क्रम असा ठेवा. आधी एका मुलाला पुढे बोलावून त्याच्याबरोबर दोन-तीन प्रश्नोत्तरं करून दाखवा. मग दोन मुलांना सगळ्यांसमोर करायला लावा. नंतर भूमिका वाटा: खिडकीकडचं मूल ‘ए’, भिंतीकडचं ‘बी’. “समजलं का?” असं विचारू नका. सगळे “हो” म्हणतात आणि दोन मिनिटांनी शेजाऱ्याला विचारतात, “काय करायचंय रे?” त्याऐवजी विचारा: “हू आस्क्स फर्स्ट, ए ऑर बी?” “कॅन यू शो युअर नोटबुक?” उत्तरं बरोबर आली की मगच “स्टार्ट”.

वेळ आधी सांगा आणि कमी सांगा. सुरुवातीला दोन मिनिटं पुष्कळ झाली. निम्म्याहून जास्त जोड्यांचं संपायच्या आत थांबवलं तरी चालतं. सगळ्यांचं पुरं व्हायची वाट पाहिली की पहिल्या संपलेल्या जोड्या मराठीत गप्पा मारू लागतात. थांबवण्यासाठी ओरडायचं नाही. शिक्षकांनी हात वर करायचा, ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून आपला हात वर करायचा. पहिल्या आठवड्यात याचा नुसता सराव घ्या.

शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार येते. काय करावं?

पंचवीस जोड्या बोलणार म्हणजे आवाज होणारच. तो कमी करायला जोडीदारांना जवळ आणा. अंतर वाढलं की आवाज चढतो. पाठीला पाठ लावून बोलण्याचे खेळ याच कारणासाठी वर्गात न घेता मैदानावर किंवा झाडाखाली घ्यावेत. शेजारच्या शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा की अमुक तासाला दहा मिनिटं आवाज येईल. सांगून झालेल्या आवाजाचा त्रास कमी वाटतो.

मुलं आपसात मराठीतच बोलतात. मराठीला बंदी घालावी का?

नाही. मराठी बोलल्यास दंड, बाकावर उभं करणं, नाव लिहिणं, असे प्रकार कृपा करून करू नका. त्याने मुलं इंग्रजी बोलत नाहीत. ती बोलणंच थांबवतात, आणि वर स्वतःच्या भाषेची लाज शिकतात.

मूल मराठीकडे कधी वळतं ते बघा. सूचना कळली नाही तर ते शेजाऱ्याला मराठीत विचारतं. हे रास्त आहे, उलट अवघड खेळाची सूचना तुम्ही स्वतः एकदा मराठीत दिली तर पाच मिनिटं वाचतात. शब्द अडला की ते मराठीत घसरतं. यावर इलाज आहे. पुढची वाक्यं मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून वर्षभर भिंतीवर ठेवा: “हाउ डू यू से ... इन इंग्लिश?”, “से इट अगेन, प्लीज”, “वेट, आय ॲम थिंकिंग”, “इट्स युअर टर्न”, “आय डोन्ट अग्री”, “हॅव यू फिनिश्ड?” या सहांपैकी रोज एकाचा खास दिवस ठेवला तर महिन्याभरात ती तोंडात बसतात. मधेच मराठी शब्द आला तरी वाक्य इंग्रजीत पुरं होऊ द्या. “आय ईट भाकरी अँड ठेचा” हे उत्तम इंग्रजी वाक्य आहे, तिथे भाकरीला प्रतिशब्द शोधत बसू नका.

तिसरं कारण म्हणजे काम त्यांच्या इंग्रजीपेक्षा जड असणं. सहावीच्या वर्गाला “प्रदूषणावर चर्चा करा” म्हटलं तर चर्चा मराठीतच होणार. अशा वेळी मुलांना न रागावता काम सोपं करा.

‘फाइंड समवन हू’ हा खेळ घेतला, पण मुलं एकमेकांच्या वह्या उतरवत फिरतात. कुठे चुकतं?

या खेळात मुलांना सहा वाक्यं देतात: पोहता येणारा, पहाटे पाचला उठणारी, घरी शेळी असणारा, चहा न पिणारी, वगैरे. वर्गात फिरून, विचारून, प्रत्येक वाक्यापुढे एकेक नाव मिळवायचं. नाव लिहिणं हेच काम ठरलं की मुलं सरळ वही फिरवतात, कारण ‘न बोलता काम होतंय’.

तीन बदल करा. एक, वही बाकावरच ठेवायची आणि नावं लक्षात ठेवून परत येऊन लिहायची. दोन, एका मुलाचं नाव एकदाच. तीन, होकार मिळाला की एक जास्तीचा प्रश्न विचारायचाच. “कॅन यू स्विम?” “येस.” “व्हेअर डू यू स्विम?” “इन द वेल.” खेळ संपल्यावर चार-पाच मुलांकडून सांगून घ्या: “समीर कॅन स्विम. ही स्विम्स इन द वेल.” ‘आय’ आणि ‘यू’ वरून ‘ही’, ‘शी’ वर यायची ही नैसर्गिक संधी आहे.

खेळाआधी वाक्यांवरून प्रश्न बनवून घ्यायला विसरू नका. तसं केलं नाही तर “यू गोट?” असे प्रश्न कानी येतील. फिरायला जागाच नसेल तर दोन रांगा समोरासमोर उभ्या करा. दर मिनिटाला एका रांगेतलं शेवटचं मूल पुढे येतं, बाकीची एकेक जागा सरकतात. सहा मिनिटांत प्रत्येकाला सहा जोडीदार मिळतात आणि धक्काबुक्की होत नाही.

संवाद पाठ करून घेतो, मुलं छान म्हणतात. हे पुरेसं आहे का?

स्नेहसंमेलनाला पुरेसं आहे. बोलायला शिकण्यासाठी नाही, कारण पुढचा काय म्हणणार हे दोघांनाही ठाऊक असतं. त्याच संवादाला भूमिका-चिठ्ठ्यांची जोड द्या. चिठ्ठी फक्त ज्याची त्याने वाचायची, आणि दोन चिठ्ठ्यांत काहीतरी अडचण लपवायची.

एसटीचं उदाहरण घेऊ. प्रवाशाच्या चिठ्ठीवर: तुला पुढच्या गावी आजीकडे जायचंय. तुझ्याकडे शंभराची एकच नोट आहे. तुझ्याकडे जड पिशवी आहे, तुला जास्त चालता येणार नाही. कंडक्टरच्या चिठ्ठीवर: गाडी गावात जात नाही, फक्त हायवेला थांबते. तिकीट 15 रुपये. तुझ्याकडे सुटे नाहीत. आता बोलणं भाग आहे. “सॉरी, धिस बस डझंट गो टू द व्हिलेज.” “हाउ फार इज इट फ्रॉम द हायवे?” “आय हॅव नो चेंज.” कुणी सहप्रवाशाकडे सुटे मागेल, कुणी पुढच्या गाडीची चौकशी करेल. तोडगा निघेपर्यंत संवाद चालतो आणि प्रत्येक जोडीचा तोडगा वेगळा निघतो, म्हणून शेवटी दोन-तीन जोड्यांचं ऐकायला वर्गही कान देतो.

चिठ्ठ्या मराठीत लिहिल्या तरी चालतात. इंग्रजीत लिहिल्या तर मुलं त्याच वाचून दाखवतात. पहिल्यांदा सगळ्या ‘ए’ मुलांना एकत्र बसवून “प्रवासी काय काय म्हणेल” याची तयारी तीन मिनिटं करून घ्या, तशीच ‘बीं’ची. नंतर जोड्या लावा.

आठवी ते दहावीच्या मुलांना दोन-दोन वाक्यांच्या पुढे कसं न्यायचं?

4-3-2 ही पद्धत वापरा. कीथ मॉरिस यांनी ती 1983 मध्ये मांडली. मूल एका विषयावर एका श्रोत्याला चार मिनिटं सांगतं. मग तेच दुसऱ्या श्रोत्याला तीन मिनिटांत, आणि तेच तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच, वेळ कमी, म्हणून अडखळणं आणि लांबण गळत जाते. पहिल्या फेरीत शोधावे लागलेले शब्द तिसऱ्या फेरीत आयते तोंडाशी असतात.

आपल्या वर्गांत चार मिनिटं सलग बोलणं सुरुवातीला झेपत नाही. 2 मिनिटं, दीड मिनिट, 1 मिनिट असं घ्या. विषय जगलेला हवा: काल शाळेतून घरी गेल्यापासून झोपेपर्यंत काय केलं, आमच्या गावची जत्रा, मला झालेली जखम. आधी तीन मिनिटं विचाराला द्या आणि वहीत फक्त सहा शब्द लिहू द्या, वाक्यं नाहीत. श्रोता दर फेरीला बदललाच पाहिजे. तोच राहिला तर दुसऱ्यांदा ऐकायला त्याच्याकडे काही कारण उरत नाही, आणि बोलणाऱ्याला ते लगेच कळतं. श्रोत्यालाही काम द्या: शेवटी एक प्रश्न विचारायचा. फेऱ्या चालू असताना चूक दुरुस्त करायला मधे पडू नका.

चुका कधी आणि कशा सुधाराव्यात?

नवीन वाक्यरचना शिकवताना, पहिल्या सरावात, चूक तिथल्या तिथे सुधारा. मुलं अर्थासाठी बोलत असताना सुधारू नका. वही-पेन घेऊन बाकांमधून फिरा, ऐकलेली वाक्यं टिपा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यातली चार-पाच नावं न सांगता फळ्यावर लिहा. दोन बरोबर, चांगली वाक्यंही त्यात मिसळा. कोणती दुरुस्त करायची ते मुलांनी जोडीत ठरवावं.

मराठी मुलांच्या बहुतेक चुका आधीपासून ओळखीच्या असतात, कारण त्यांच्यामागे मराठीच बोलत असते. “आय मँगो लाइक” म्हणजे ‘मला आंबा आवडतो’, क्रियापद शेवटी. “व्हॉट यू आर डूइंग?” म्हणजे ‘तू काय करतोयस?’, आपल्याकडे प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलत नाही. “ही डिडंट वेंट” ही चूक तर फार बोलकी आहे: ‘तो गेला नाही’ मध्ये भूतकाळ क्रियापदातच राहतो आणि ‘नाही’ मागाहून येतं, म्हणून मूल ‘वेंट’ सोडायला तयार नसतं. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ ने उचलला की पुढचं क्रियापद मोकळं होतं, हे ‘गेला’ आणि ‘नाही’ शेजारी लिहून दाखवलं की पटकन कळतं. “आय ॲम गो टू स्कूल” मध्ये मुलाच्या मनात ‘आय ॲम’ म्हणजे ‘मी’ असं एकसंध बसलेलं असतं, कारण त्याने पहिलं वाक्य शिकलं ते “आय ॲम अमुक”. आणि “मी टू ब्रदर्स आर” मागे ‘मला दोन भाऊ आहेत’ आहे, इंग्रजीतल्या ‘हॅव’ सारखं क्रियापद मराठीत नाही.

“शी गो” मधल्या राहून गेलेल्या ‘एस’च्या मागे हात धुऊन लागू नका. नियम पाठ असणारं मूलही बोलताना तो बराच काळ विसरतं. ‘ए’ आणि ‘द’ चंही तसंच, मराठीत ती गोष्टच नाही. या दोन्ही चुकांनी अर्थ अडत नाही. अर्थ अडवणाऱ्या चुका आधी घ्या.

उच्चारांवर किती वेळ घालवावा?

आठवड्याला दहा मिनिटं, आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो तेवढ्याच ध्वनींवर. ट आणि ड आपण टाळूला जीभ लावून म्हणतो, त्याने कुणाचं काही अडत नाही, सोडून द्या.

घोटाळा होतो तो ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ चा. मराठीतला ‘व’ या दोहोंच्या मधला आहे. बनियनला म्हणतात तो ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. पश्चिमेचा ‘वेस्ट’ म्हणताना ‘ऊ’ म्हटल्यासारखे ओठ गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. मराठी लिहिताना आपण ‘व्ह’ लिहितो म्हणून काही मुलं तिथे ‘ह’ ऐकवतात, तो टाळायला सांगा. दुसरा घोटाळा ऱ्हस्व-दीर्घाचा: शिप आणि शीप, फुल आणि फूल. लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ सांभाळतो, बोलताना ती लांबी एकसारखी पाळत नाही. ‘झू’ सारख्या शब्दांतला ध्वनी मात्र ‘जुना’मधल्या ज च्या अगदी जवळचा आहे, तिथून सुरुवात करून द्या.

सरावासाठी फळ्यावर 1 खाली ‘शिप’, 2 खाली ‘शीप’ लिहा. तोंडापुढे वही धरून एक शब्द म्हणा, मुलांनी एक किंवा दोन बोटं दाखवावीत. बहुतेकांना जमलं की हाच खेळ जोडीत. मुलाने ‘शीप’ म्हटलं आणि जोडीदाराने एक बोट दाखवलं, तर कुठे सुधारायचं ते त्याला तिथेच कळतं.

काही मुलं महिनोन्‌महिने तोंडच उघडत नाहीत. त्यांचं काय?

आधी थांबायला शिका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर उत्तरं लांब झाली आणि जास्त मुलं उत्तर देऊ लागली. परक्या भाषेत तर तीनही कमीच. मनात पाच आकडे मोजा आणि मगच नाव घ्या.

मग क्रम बदला. वर्गासमोर उभं राहून बोलणं ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही. फ्रँक लायमन यांनी 1981 मध्ये सांगितलेला ‘थिंक-पेअर-शेअर’ हा क्रम इथे फार उपयोगी पडतो: एक मिनिट एकट्याने विचार, दोन मिनिटं जोडीदाराला सांगणं, आणि त्यानंतर वर्गाला. वर्गाला सांगताना स्वतःचं नव्हे, जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. “माय पार्टनर थिंक्स...” या आडोशाने पुष्कळ मुलं बोलती होतात. गप्प मुलाची जोडी वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाशी लावू नका. ते सगळं स्वतःच बोलून टाकतं. किंचित पुढे असलेलं, समजूतदार मूल निवडा.

घरी मराठीही न बोलणारी मुलं आपल्या वर्गांत असतात, कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी पावरी, कुणाच्या घरी अहिराणी. त्यांच्यासाठी इंग्रजी ही तिसरी भाषा आहे. अशा मुलाचं गप्प असणं हा पुष्कळदा ऐकण्याचाच काळ असतो. त्याला मान डोलावून, बोट दाखवून उत्तर देऊ द्या.

पहिली-दुसरीत काय घ्यावं?

हालचाल. जेम्स ॲशर यांच्या पद्धतीप्रमाणे आधी शिक्षक सांगतात आणि करून दाखवतात: “स्टँड अप”, “टच द वॉल”, “जंप टू द डोअर”. मुलं फक्त करतात. आठवडाभराने हुकूम देण्याचं काम मुलाकडे द्या. पन्नास जणांना एका शब्दाने उड्या मारायला लावण्यात जो आनंद असतो, त्यापुढे लाज टिकत नाही. एका वेळी तीनच नवे हुकूम.

अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. या सगळ्याला वेळ कुठून आणायचा?

वेगळा वेळ काढायला गेलात तर नोव्हेंबरपर्यंत उपक्रम बंद पडतील. रोजच्या तासातली दहा मिनिटं धड्यातूनच काढा. धड्याखालचे प्रश्न सगळ्यांना लिहायला लावण्याआधी जोडीत तोंडी घ्या, लिखाण निम्म्या वेळात होतं. उताऱ्याचे दोन भाग करा: ‘ए’ने पहिला वाचायचा, ‘बी’ने दुसरा, पुस्तक मिटून एकमेकांना सांगायचं. पुस्तकातलं चित्र एकाने बघायचं आणि दुसऱ्याने ऐकून काढायचं. हे सगळं पाठ्यपुस्तकच आहे.

वर्गातल्या बोलण्याला गुण कसे द्यायचे?

आकारिक मूल्यमापनात ‘तोंडी काम’ हे साधन आहेच, त्याखाली नोंद करता येते. रोज पाचच मुलांवर लक्ष ठेवा, 45 चा वर्ग नऊ तासांत होतो. कोणती पाच हे मुलांना सांगू नका. चार गोष्टी पाहा: अर्थ पोचला का, अडल्यावर स्वतः वाट काढली का, जोडीदाराचं ऐकून बोलला का, शब्द कितपत होते. व्याकरण यांत मुद्दाम घेतलेलं नाही, त्याला लेखी परीक्षा आहे. ‘छान बोलतो’ अशी नोंद निरुपयोगी. ‘शब्द अडल्यावर हातवारे करून पटवून दिलं, प्रश्न विचारताना क्रम चुकतो’ अशी नोंद पुढच्या महिन्यात कामाला येते.

माझं स्वतःचंच इंग्रजी बोलणं कच्चं आहे. मी हे उपक्रम घेऊ शकतो का?

घेऊ शकता, आणि घ्याच. वर सांगितलेल्या उपक्रमांत शिक्षकांपेक्षा मुलं जास्त बोलतात. शिक्षकांना लागतात ती वर्ग चालवायची वीस-पंचवीस वाक्यं, तीही रोज तीच: “वर्क इन पेअर्स”, “टर्न अराउंड”, “यू हॅव टू मिनिट्स”, “डोन्ट शो युअर नोटबुक”, “चेंज पार्टनर्स”, “स्टॉप हिअर”. ती वहीत लिहा, घरी मोठ्याने म्हणा, दर आठवड्याला तीन-तीन वर्गात आणा. एखादा शब्द अडला तर मुलांसमोरच म्हणा, “आय डोन्ट नो. लेट अस चेक,” आणि एका मुलाला शब्दकोश उघडायला सांगा. भिंतीवरचं “हाउ डू यू से...?” हे वाक्य शिक्षकही वापरतात हे मुलांनी एकदा पाहिलं, की तीही ते वापरू लागतात.